जळिताचा परवाना

काच मी गुरुवारीच पाहिली होती, नागपुरात.
काचेवर नाव नसतं, नंबर असतो.
तो नंबर दसाराम काकांचा आहे
हे वहीत शोधल्यावर कळलं,
आणि शनिवारी मी साकोलीची बस धरली.

काका सपरीत बसलेले,
पुढ्यात मोहफुलं वाळत घातलेली.
काकू म्हणाली, रातभर उठतेत, सहा-सहादा.
टॉर्चचे सेल आठवडाभर पुरत नाहीत.

"सांग," काका म्हणाले. "डॉक्टर गोल गोल बोलते.
तू त्या काचेत काय पाह्यलं ते सांग."

तीस वर्षं जंगलखात्यात गेलेल्या माणसाला
मी त्याच्याच अंगातलं रान सांगायला बसले.

म्हटलं, अंगात राखणदार असतात, काका.
काही गस्त घालतात, परका दिसला की मारतात.
काही जखमेवर धावतात,
मेलेलं उचलतात, फाटलेलं सांधतात,
रक्ताच्या नव्या वाटा पाडतात.
भले असतात बिचारे.

"मंग गाठ वाढते कशी? झोपले काय सारे?"

नाही. तेच तर.
गाठ नुसती लपून बसत नाही, ती हाक मारते.
जखमेची भाषा येते तिला.
इथे फाटलंय, या, म्हणते,
आणि ते येतात, वणवा विझवायला यावं तसे,
आणि तिथेच राहतात.
तिला रक्ताचे पाट काढून देतात,
हाडापर्यंतची वाट मोकळी करतात,
आणि मारणारे गस्तवाले आलेच चुकूनमाकून
तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात,
राहू दे, आपलंच आहे.
ते उभे राहतात मग. काठी हातात असते.
उचलली जात नाही.
तुमच्या काचेत तेही थोडेच दिसले.
अशा गाठीला डॉक्टर थंड म्हणतात.

काका मोहफुलं उलथत राहिले,
एकेक, मोजून घ्यायची असल्यासारखी.

"पैसे देते काय ती त्यायले?"

पैसे नाही, काका.
काम देते.

काकूने ठेवलेल्या चहावर साय धरली.

"एक्यानवचा उन्हाळा," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता.
"बोंडेझरीच्या बीटात आग लागली.
मी रातभर झोडपली, पळसाच्या डगालीनं.
भुवया जळल्या माह्या.
पहाटे ठेकेदाराची मानसं आली,
पानी आनलं, भाकर आनली.
म्हने, साहेब, जळालेलं आता उचला लागंल,
नाही तं कीड चांगल्या झाडाले जाईल.
बरोबरच होतं ते.
मी हातोडा मारत गेलो खोडाखोडावर,
जळिताचा परवाना फाडला.
तीन दिवस ठसा मारला.
चौथ्या दिवशी एका सागाची साल टोकरली.
वरून कोळसा,
आत हिरवीगार ओल.
आग त्यायनंच लावली होती, पोरी."

मग?

"मंग काय.
हात चालूच होता."

मी इंजेक्शनाचं सांगितलं. दर तीन महिन्यांनी,
गाठ ज्यावर पोसते ते तोडणारं.
त्यांनी हो म्हटलं, तारीख विचारली,
कॅलेंडरवर गोल केला.
राखणदारांना परत फिरवायचं काही?
शोधताहेत, म्हटलं. अजून तुमच्या गाठीला
फारसं लागू पडत नाही.
"हातोड्याचा नंबर अजून याद आहे मले,"
ते मध्येच म्हणाले, आणि नंबर सांगितला.

रात्री टॉर्च पेटली, विझली, पेटली.
तिसऱ्यांदा मी खिडकीतून पाहिलं.
कुंपणाशी उभे होते, एका हाताने बल्लीला धरून,
थेंबभरासाठी केवढा वेळ.
समोर बांधावरचा अंधार.

"कोन हाये रे?"
जुना, बीटावरचा आवाज. पलीकडे कुत्रं भुंकलं.

मग टॉर्च खाली आली,
आणि तेच पुन्हा, अगदी हळू,
जणू तिथे कुणी ओळखीचं उभं होतं.